गेजमधल्या सोर्सचा सातबारा

सिमेंट कारखान्यात कच्चा माल भट्टीआधी तापवणाऱ्या प्रीहीटरमध्ये नरसाळ्यासारखी मोठी भांडी असतात, त्यांना सायक्लोन म्हणतात. सायक्लोनच्या तोंडाशी माल अडकला की काही मिनिटांत वरपर्यंत तुंबतं. मग किल्न, म्हणजे भट्टी, थांबवा, माणसं चढवा, गरम माल मोकळा करा. अडकलंय हे वेळेत कळावं म्हणून सायक्लोनच्या निमुळत्या भागाच्या एका बाजूला सिझियम-१३७ चा किरणोत्सारी सोर्स आणि समोर डिटेक्टर बसवतात. आत वाट मोकळी असेल तर गॅमा किरण आरपार जातात, माल साचला की अडतात आणि कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजतो. या सगळ्या उपकरणाला गेज म्हणतात. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका सिमेंट कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन सांभाळते आणि तिथली आरएसओ, म्हणजे किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी आहे. कुठे नवीन गेज घ्यायचं ठरलं की कोरपना-राजुऱ्याकडून, वणीकडून फोन येतो, "मॅडम, ते एईआरबीचं कसं करायचं हो?" म्हणजे सोर्ससाठीची परवानगी आणि नोंद कशी करायची. फोनवर सांगते तेच इथे सावकाशीने लिहिते आहे. उदाहरण गेजचं आहे. वेल्डिंग तपासायचा रेडिओग्राफी कॅमेरा किंवा रुग्णालयातलं ब्रॅकीथेरपीचं (शरीरात सोर्स ठेवून कर्करोगावर उपचार करायचं) यंत्र असेल तर अटी बऱ्याच जास्त कडक असतात, पण कामाचा क्रम साधारण असाच राहतो.

परचेस विभागाची रीत अशी की आधी ऑर्डर टाकायची आणि माल गेटवर आला की राहिलेले कागद गोळा करायचे. मोटर, व्हॉल्व्ह, केबल यांना ते चालून जातं. सोर्सला चालत नाही. एईआरबी म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ. १९८३ मध्ये स्थापन झालेलं हे मंडळ मुंबईत अणुशक्तीनगरच्या नियामक भवनातून चालतं. त्याची परवानगी हातात येईपर्यंत पुरवठादाराने सोर्स पाठवायचा नाही आणि तुम्ही मागवायचा नाही. २००४ चे किरणोत्सर्ग संरक्षण नियम या बाबतीत कारखान्याच्या प्रमुखालाही जबाबदार धरतात, नुसत्या आरएसओला नाही. परवानगीसोबत एईआरबीकडे होणाऱ्या सोर्सच्या नोंदीकडे जमिनीच्या सातबाऱ्यासारखं बघा: हा सोर्स कोणाच्या नावावर आहे, कुठे बसला आहे, कधी आला, कधी गेला. अधिकारी बदलून जातात, कंपनी दुसऱ्याला विकली जाते, पण सिझियम-१३७ चं अर्धायुष्य सुमारे ३० वर्षांचं आहे. आज बसवलेल्या सोर्समधला निम्मा सिझियम तीस वर्षांनीही तिथेच असेल. तो तिथे आहे हे तेव्हाच्या माणसांना कळायचा एकमेव खात्रीचा मार्ग म्हणजे ही नोंद.

आधी आपल्याकडे काय आहे ते नीट ओळखा

आमचे फिटर अख्ख्या डब्याला सोर्स म्हणतात. बोलण्यात ते ठीक आहे, अर्जात नाही. सोर्स म्हणजे आतली स्टेनलेस स्टीलची, दोन थरांत वेल्ड करून बंद केलेली छोटी कॅप्सूल. बाहेरचा जड डबा म्हणजे सोर्स होल्डर. त्याच्या आत शिशाचं कवच असतं, आणि किरणांची वाट उघडण्या-मिटण्यासाठी शटर. दोघांचे क्रमांक वेगळे. होल्डरचा क्रमांक पाटीवर असतो, सोर्सचा क्रमांक त्याच्या प्रमाणपत्रावर. काही वर्षांनी त्याच होल्डरमध्ये नवा सोर्स भरला तर होल्डरचा क्रमांक तोच राहतो आणि सोर्सचा बदलतो. ही नोंद बदलायची राहून गेली की पुढे दहा वर्षांनी कोणालाच धड सांगता येत नाही की आत नेमकं काय आहे. म्हणून मी पाटीचा स्पष्ट फोटो, सोर्सचं प्रमाणपत्र आणि बसवलेल्या जागेचा टॅग नंबर या तिन्ही गोष्टी एकाच पानावर ठेवते.

पाटीवर समस्थानिकाचं, म्हणजे सिझियम-१३७ सारख्या किरणोत्सारी द्रव्याचं नाव, सक्रियता (सोर्स किती जोरदार आहे तो आकडा) आणि ती मोजल्याची तारीख असते. तारखेशिवाय सक्रियतेच्या आकड्याला अर्थ नाही. जुन्या पाट्यांवर आकडा मिलिक्युरीत असतो आणि अर्जात बेकरेलमध्ये लागतो. १ मिलिक्युरी म्हणजे ३७ मेगाबेकरेल. तेव्हा ५० मिलिक्युरीचा सोर्स म्हणजे १८५० मेगाबेकरेल, म्हणजेच १.८५ गिगाबेकरेल. युनिटच्या यादीत मेगाच्या जागी गिगा निवडलं गेलं तर सोर्स कागदावर हजारपट मोठा होतो आणि अर्ज शंका काढून परत येतो. आकडा भरला की दुसऱ्या कोणाला तरी वाचायला द्याच.

आता धोक्याची श्रेणी. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने सोर्सच्या पाच श्रेणी केल्या आहेत, १ सर्वांत घातक आणि ५ सर्वांत सौम्य. प्रत्येक समस्थानिकाला एक ठरावीक मूल्य दिलं आहे: सिझियम-१३७ ला ०.१ टेराबेकरेल, कोबाल्ट-६० ला ०.०३ टेराबेकरेल. आपल्या सोर्सच्या सक्रियतेला त्या मूल्याने भागायचं. आपल्या उदाहरणात १.८५ भागिले १०० गिगाबेकरेल, उत्तर ०.०१८५. उत्तर ०.०१ ते १ या दरम्यान आलं की श्रेणी ४. म्हणजे कायमची इजा होण्याचा संभव कमी.

हे ऐकून काहीजण निर्धास्त होतात, म्हणून आणखी एक हिशेब मी मुद्दाम सांगते. हा सोर्स डब्याबाहेर उघडा पडला तर १ मीटरवर तासाला किरणोत्सर्गाची सुमारे ०.१४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळेल. सर्वसामान्य माणसासाठी पूर्ण वर्षाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट आहे, ती सात-आठ तासांत संपली. अंतर १ सेंटिमीटरवर आलं की तीच मात्रा दहा हजारपट होते, तासाला सिव्हर्टच्या घरात. कोणी अजाण माणसाने चकचकीत कॅप्सूल म्हणून खिशात टाकली तर कातडी जळायला कामाची एक पाळी पुरे. डब्यात आणि शटर बंद असताना हाच सोर्स शेजारून रोज जाणाऱ्या माणसाला काही करत नाही. सगळा फरक कवचाचा आहे, आणि ते कवच कोणाच्या ताब्यात आहे हे माहीत असण्याचा.

ई-लोरावर खातं उघडताना

सगळे अर्ज एईआरबीच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवर होतात. पहिली पायरी संस्थेची नोंदणी. इथे एम्प्लॉयर म्हणून संस्थेचा खरा प्रमुख हवा, ज्याला पैसा आणि माणसं देण्याचा अधिकार आहे असा. इन्स्ट्रुमेंटेशन मॅनेजरचं नाव टाकून मोकळं होऊ नका. संस्थेच्या अस्तित्वाचे आणि पत्त्याचे पुरावे, पॅन, एम्प्लॉयरचं ओळखपत्र हे स्कॅन करून तयार ठेवा. सगळ्या कागदांवर कंपनीचं नाव आणि पत्ता अक्षरशः सारखा आहे का तपासा. एका कागदावर 'लिमिटेड' आणि दुसऱ्यावर 'प्रायव्हेट लिमिटेड' असेल तर तेवढ्यावर अर्ज अडतो.

ईमेल पत्ता विभागाचा द्या, माणसाचा नको. इंजिनीअर नोकरी सोडून गेला आणि एईआरबीची पत्रं त्याच्या खासगी मेलवर पडत राहिली, असं मी दोन ठिकाणी पाहिलं आहे. दुसरं, पासवर्ड एजंटला देऊ नका. "सर, आम्ही सगळं करून देतो" म्हणणारे भेटतात. त्यांच्याकडून फॉर्म समजून घ्या हवं तर, पण त्या खात्यातून जे जातं ते तुमच्या एम्प्लॉयरच्या सहीने जातं आणि सोर्स त्याच्या नावावर चढतो.

आरएसओ

आरएसओ नसेल तर पुढचं काही हलत नाही. विज्ञानाची पदवी किंवा अभियांत्रिकीचं शिक्षण असलेला, कारखान्यात कायम असणारा माणूस निवडा. त्याला गेजसाठीच्या सुरक्षेच्या प्रशिक्षणाला पाठवा आणि परीक्षा पास झाला की ई-लोरावरून त्याचं नामनिर्देशन करा. एईआरबीची मान्यता त्या संस्थेपुरती आणि मुदतीची असते. पास झालेला माणूस दुसऱ्या कारखान्यात गेला की मान्यता त्याच्यासोबत जात नाही, तिथे नव्याने घ्यावी लागते. माझा आग्रह असतो की दोन माणसं प्रशिक्षित करा. प्रशिक्षणाच्या जागा तुमच्या सोयीने मिळत नाहीत, आणि एकुलत्या आरएसओने राजीनामा दिला की नोटीस पिरियडमध्ये नवा तयार होत नाही.

सोबत किरणोत्सर्ग मोजायचा सर्व्हे मीटर घ्या आणि त्याचं कॅलिब्रेशन चालू ठेवा. त्याची नोंदही ई-लोरावर होते. गेजच्या देखभालीत हात घालणाऱ्यांना आमच्याकडे टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेली मात्रा नोंदवणारे बॅज असतात, ते दर तीन महिन्यांनी मोजणीला जातात. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा बॅज प्रीहीटरच्या मजल्यावर किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर पडू देऊ नका. उष्णतेने वाचन बिघडतं. आणि ज्याचा बॅज त्यानेच लावायचा.

मॉडेल आणि पुरवठादार

पुरवठादाराकडे एईआरबीची मान्यता आहे का आणि तो विकतोय ते मॉडेल मान्य यादीत आहे का, हे कोटेशन मागवण्याआधी बघा. परदेशी बनावटीचं स्वस्त गेज कोणी दाखवलं आणि त्या मॉडेलला मान्यताच नसेल तर स्वस्ताईचा उपयोग काय?

सोर्सच्या प्रमाणपत्रावर एक सांकेतिक वर्ग असतो, उदाहरणार्थ सी ६६६४६. लोक तो वाचत नाहीत, पण आमच्यासारख्या ठिकाणी तो वाचलाच पाहिजे. आयएसओ २९१९ या मानकाप्रमाणे अक्षरानंतरचे पाच अंक अनुक्रमे तापमान, बाहेरचा दाब, आघात, कंपन आणि टोचणी या चाचण्यांचे असतात. तापमानाचा वर्ग ६ म्हणजे ती बनावट ८०० अंश सेल्सिअसला तासभर ठेवून आणि तिथून एकदम थंड करून तपासली आहे. वर्ग ४ ची चाचणी ४०० अंशांपर्यंतच. गेज सायक्लोनच्या बाहेर ब्रॅकेटवर बसतं, तेव्हा रोज तेवढी उष्णता लागत नाही. पण सर्वांत खालच्या सायक्लोनमध्ये ८५० अंशांच्या आसपासचं वारं आणि माल असतो, आणि एखादा दरवाजा उडून तो बाहेर आला तर कॅप्सूल टिकली पाहिजे. मी इथे तडजोड करत नाही.

ऑर्डरमध्येच वापर संपल्यावर सोर्स परत घेण्याची अट लिहून घ्या. परवानगीसाठी तुम्हाला तसं हमीपत्र द्यावंच लागतं की निकामी सोर्स मूळ पुरवठादाराकडे किंवा अधिकृत ठिकाणी परत जाईल. परत पाठवायला खर्च येतो, विशेषतः परदेशी सोर्सला. तो आजच बजेटमध्ये दाखवा. बंद पडलेल्या कारखान्यात सोर्स पडून राहण्यामागे पुष्कळदा हेच असतं, की द्यायला पैसा कोणाकडेच उरत नाही.

परवानगी, आणि गेटवरचा दिवस

खरेदीच्या परवानगीच्या अर्जात मॉडेल, सोर्सची संख्या, प्रत्येकाची कमाल सक्रियता, बसवायच्या जागेचा आराखडा आणि साठवणुकीच्या खोलीची माहिती जाते. खोली वेगळी, कुलपाची, पक्क्या भिंतींची, माणसांच्या बैठकीपासून दूर हवी. दारावर किरणोत्सर्गाचं तीन पाकळ्यांचं चिन्ह आणि मराठी-हिंदीत सूचना. आमच्याकडे कंत्राटी कामगार तेलुगू बोलणारेही आहेत, म्हणून तेलुगूतही लिहिली आहे. परवानगीवर मुदत असते, त्या मुदतीत सोर्स पोहोचेल अशी पुरवठादाराशी तारीख ठरवा.

सोर्स येतो त्या दिवशी आरएसओ रजेवर नको. खोक्यावर लेबल असतं: पांढरं एक, पिवळं दोन किंवा पिवळं तीन. पिवळ्या लेबलवर ट्रान्सपोर्ट इंडेक्स लिहिलेला असतो. त्याला शंभरने भागलं की खोक्यापासून १ मीटरवरची कमाल मात्रा मिलिसिव्हर्ट प्रतितासात मिळते. ०.४ लिहिलं असेल तर ०.००४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे ४ मायक्रोसिव्हर्ट. सर्व्हे मीटर घेऊन १ मीटरवर स्वतः मोजा. आकडा त्याहून बराच जास्त दिसला तर खोकं उघडू नका, माणसं लांब करा आणि पुरवठादाराला व एईआरबीला कळवा. सगळं जुळलं तर आतल्या होल्डरचा आणि प्रमाणपत्रावरचा क्रमांक परवानगीशी एकेक अक्षर ताडून बघा, मग कुलपात ठेवा. स्टोअरच्या माणसाला आधीच सांगून ठेवा की हा माल बेअरिंगच्या रॅकवर जाणार नाही.

त्याच दिवशी ई-लोरावर सोर्स मिळाल्याची नोंद करा. त्यानंतर वापराच्या संमतीचा अर्ज. ही संमती येईपर्यंत सोर्स खोलीत. उत्पादन विभाग घाई करेल, "मॅडम, शटडाउन चालू आहे तोवर बसवून टाका ना." तारखांचं गणित म्हणूनच शटडाउनच्या बऱ्याच आधी सुरू करायचं. संमतीपत्र आलं की त्यावरच्या अटी आणि संपायची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून टेबलासमोर लावा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या आधी गेला पाहिजे.

नोंद जिवंत ठेवणं

वर्षाला सुरक्षा अहवाल ई-लोरावरून जातो, तो भरताना सोर्स जागेवर आहेत का हे बघावंच लागतं. पण मी वर्षभर थांबत नाही. प्रत्येक शटडाउनच्या आधी आणि नंतर मोजणी, आणि मोजणी म्हणजे मजला चढून पाटी वाचणं. कार्यालयात बसून मागच्या वर्षीचा तक्ता पुढे ओढला तर त्याला मोजणी म्हणत नाहीत.

शटडाउन हा सर्वांत नाजूक काळ. सायक्लोनमध्ये माणूस उतरणार असेल तर आधी शटर बंद, त्याला कुलूप, किल्ली आरएसओकडे, आणि मग आतल्या बाजूने सर्व्हे मीटरने खात्री. शटरची दांडी 'बंद' दाखवते म्हणजे ते बंद असतंच असं नाही. धुळीने, गंजाने आतली फिरकी अडकते. मीटर जेव्हा सोर्स जवळ नसतानाही असतं तेवढंच, नेहमीच्या पार्श्वभूमीएवढं वाचन दाखवेल तेव्हाच परमिटवर सही करायची.

एका कारखान्यात मला मदतीला बोलावलं होतं, तिथली गोष्ट सांगते. सायक्लोनचा खालचा भाग बदलायचा होता. कंत्राटदाराच्या माणसांनी गॅस कटरने तो ब्रॅकेटसकट उतरवला, आणि गेज ब्रॅकेटवरच होतं. मोजणीत एक होल्डर कमी भरला. तिथल्या आरएसओने क्षणभरही न लपवता प्रमुखाला सांगितलं, गेट बंद करवलं, भंगाराच्या गाड्या थांबवल्या. आम्ही मीटर घेऊन ढिगाऱ्यांतून फिरलो आणि संध्याकाळच्या आत डबा सापडला, शटर बंद, कवच शाबूत. भंगार उचलणारा एक वयस्कर कामगार म्हणाला, "पोरी, मले कोणी सांगतलंच नाही का हे काय हाये." त्याचं म्हणणं खरं होतं. तेव्हापासून शटडाउनच्या सेफ्टी टॉकमध्ये मी होल्डरचा मोठा फोटो दाखवते आणि कंत्राटदाराच्या शेवटच्या माणसापर्यंत तो पोहोचल्याची खात्री करते. सोर्स सापडत नाही असं दिसलं तर एईआरबीला आणि जवळच्या पोलिस ठाण्याला लगेच कळवायचं. आधी शोधून बघू, सापडला नाही तर उद्या सांगू, असं करायचं नाही.

दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात २०१० मध्ये काय झालं ते मी प्रत्येक नव्या फिटरला सांगते. दिल्ली विद्यापीठातलं कोबाल्ट-६० चं, कित्येक वर्षं न वापरलेलं जुनं उपकरण लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं. भंगारवाल्यांनी ते तोडलं. अनेकांना किरणोत्सर्गाची बाधा झाली आणि एका कामगाराचा जीव गेला. ब्राझीलमध्ये गोयानिया इथे १९८७ मध्ये सोडून दिलेल्या दवाखान्यातल्या यंत्रातून सिझियम-१३७ बाहेर पडलं, चार माणसं गेली. ते सोर्स आपल्या गेजपेक्षा कितीतरी मोठे होते, तरी दोन्हीकडची सुरुवात एकच: उपकरण वापरातून गेलं, आणि त्याच्याकडे बघणारं कोणी उरलं नाही. मेले ते त्या उपकरणाशी काही संबंध नसलेले लोक. गेज बंद करताना मी एवढी काटेकोर का असते, त्याचं कारण हे.

परत पाठवताना

गेज कायमचं काढायचं ठरलं की ते कपाटात ठेवून देऊ नका. ई-लोरावर सोर्स परत पाठवण्याच्या परवानगीचा अर्ज करा, पुरवठादाराकडून तो स्वीकारायची लेखी संमती घ्या. सोर्स भारतीय बनावटीचा असेल तर नवी मुंबईत वाशीला असलेल्या ब्रिट या सरकारी संस्थेशी बोलता येतं. पॅकिंग मान्य खोक्यातच, गाडीवर लेबलं, चालकाकडे आपत्कालीन सूचनांचं कार्ड आणि आरएसओचा फोन नंबर. तिकडे पोहोचल्याची लेखी पोच आली की ती ई-लोरावर चढवा, आणि तुमच्या खात्यातल्या यादीतून तो सोर्स उतरलाय का हे लॉगिन करून स्वतः बघा. ती पोच संस्थेच्या कायमच्या फाइलमध्ये ठेवा. हे सगळं होईपर्यंत आरएसओला कार्यमुक्त करू नका.

रिकामा होल्डर राहिला असेल तर तो आत-बाहेर मीटरने तपासा, कापडाने पुसून त्या कापडाचंही वाचन घ्या. तो खरंच रिकामा आणि स्वच्छ आहे याची नोंद झाली की चिन्हाची आणि सक्रियतेची पाटी काढून नष्ट करा, मगच तो शिसं म्हणून विका. पाटी तशीच राहिली तर पुढच्या भंगारवाल्याची धावपळ विनाकारण होईल. आणि अशा चार रिकाम्या डब्यांवर चिन्ह बघून झालं की पाचव्या, भरलेल्या डब्याला तो घाबरणार नाही.